पहिला पाना कुणी हातात दिला?

मागच्या अंकात वाचकांना एवढंच विचारलं होतं की ज्या कामात आजूबाजूला बहुतेक पुरुषच दिसतात अशा कामाकडे ज्या मुली वळतात त्या कशामुळे वळतात, आणि बाकीच्या का वळत नाहीत. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडलीत, काही थोडी कापलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. मी स्वतः बावीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पंप, मोटर, गिअरबॉक्स हेच माझं रोजचं, त्यामुळे उत्तरांमध्ये थोडं वाचलेलं आणि बरंचसं पाहिलेलं असं दोन्ही येणार.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. घरात काहीही बिघडलं की ती उघडून बसते. आता म्हणते मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करणार. आमच्या घरात कुणी इंजिनिअर नाही, तिच्या मैत्रिणींपैकी कुणाला यात रस नाही. मला अभिमान वाटतो पण भीतीही वाटते, हे चार दिवसांचं खूळ तर नसेल ना? हे तिच्यात आलं कुठून, आणि मी तिला प्रोत्साहन देऊ की जरा थांबवू?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, "काहीही बिघडलं की ती उघडून बसते". म्हणजे तुमच्या घरात तिला उघडू दिलं गेलंय. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला ते साधं वाटत असेल, पण "कुठून आलं" या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. आपल्याला वाटतं आधी आवड असते आणि मग माणूस ते काम शोधत जातं, पण बहुतेक वेळा उलटं होतं, हात आधी लागतो आणि आवड मागून येते. मुलाच्या हाताला हे सगळं आपोआप लागतं, वडील गाडीखाली शिरलेत तर "जा रे, बारा नंबरचा पाना आण" हे मुलालाच सांगितलं जातं, मुलगी तिथेच बाजूला उभी असते पण तिला कुणी सांगत नाही, आणि असं दहा वर्षं चाललं की आपण म्हणतो बघा, मुलींना यात इंटरेस्टच नसतो.

माझं सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असेन, मामा पंप दुरुस्त करत होता आणि मी बॅटरी धरून बसले होते. त्याचा हात आत जाईना, माझा बारीक हात जात होता, म्हणून त्याने पाना माझ्याकडे दिला, कारण एवढंच. बोल्ट गंजलेला होता, मी होता नव्हता तेवढा जोर लावला, हलेना, पाना सटकला आणि बोटाचं साल निघालं. मला वाटलं आता हा पाना काढून घेणार. त्याने घेतला नाही. दोन थेंब तेल सोडलं, म्हणाला थांब जरा, मुरू दे, आणि मग म्हणाला पाना टोकाला धर, मध्ये नको. मी टोकाला धरला आणि बोल्ट कट्ट करून सुटला. तो सुटताना जो हिसका मनगटापर्यंत येतो ना, तो मला आजही आठवतो. मामाने "मुलीसुद्धा करू शकतात" वगैरे काही म्हटलं नाही, त्याच्या डोक्यातही नसेल, त्याने फक्त पाना परत घेतला नाही.

जुन्या काळातल्या ज्या पहिल्या पहिल्या बायकांबद्दल आपण वाचतो त्यांच्याही मागे बघा, आत कुणीतरी ओळखीचं असतं. एमी नोएथर एवढी मोठी गणितज्ञ, तिचे वडील माक्स नोएथर गणिताचेच प्राध्यापक होते. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या पुलाचा चीफ इंजिनिअर आजारी पडून अंथरुणाला खिळला तेव्हा त्याची बायको एमिली रोबलिंग हिने बांधकामाचं गणित, केबल, मटेरियल सगळं शिकून घेतलं आणि साइटवर त्याचा शब्द पोचवत, प्रश्न सोडवत वर्षानुवर्षं काम पुढे नेलं, १८८३ मध्ये पूल सुरू झाला. आणि ए. ललिता, १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडली. अठराव्या वर्षी नवरा गेला, पदरात काही महिन्यांची मुलगी, वडील त्याच कॉलेजात शिकवत होते, त्यांनी तिथल्या वरिष्ठांकडे शब्द टाकला म्हणून प्रवेश मिळाला. तिच्या सर्टिफिकेटवर पुरुषासाठीचा शब्द छापलेला होता, तो खोडून बाईसाठीचा लिहावा लागला. या तिघीही हुशार होत्याच, पण त्यांना दाराशी नेणारं कुणीतरी होतं हे विसरायला नको. तुमच्या घरात इंजिनिअर नाही म्हणता, ठीक आहे, मग हे दाराशी नेण्याचं काम तुम्हाला मुद्दाम करावं लागेल.

अजून एक सांगते कारण हे मला फार लागलं होतं वाचताना. २०१७ मध्ये लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांनी लहान मुलांवरचा एक अभ्यास छापला. पाच वर्षांच्या मुलामुलींना "खूप खूप हुशार" माणसाची गोष्ट सांगून चित्रं दाखवून विचारलं यातलं हे कोण असेल, तर मुलगे पुरुषाकडे बोट दाखवायचे आणि मुली बाईकडे. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र आपल्याच बाजूकडे कमी बोट दाखवायला लागल्या, आणि "हा खेळ खूप खूप हुशार मुलामुलींसाठी आहे" असं सांगितलं की त्या खेळात त्यांचा रसही कमी व्हायचा. सहाव्या वर्षी! शाळेतले मार्क तर त्यांचे चांगलेच असतात, मुलींना स्वतःलाही ते माहीत असतं, तरीसुद्धा हे आत शिरतं. म्हणून करिअरचा निर्णय सोळाव्या वर्षी होतो असं समजू नका, तो दहा वर्षं आधीपासून थोडा थोडा होत असतो आणि तुमच्या मुलीने तो वेगळ्या दिशेने केलाय.

आता खूळ आहे का हे बघायचं असेल तर एक उपाय आहे, तिला या कामाचा कंटाळवाणा भाग दाखवा. भारी भारी मशीनचे व्हिडिओ सगळ्यांनाच आवडतात. एखाद्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत दोन-तीन आठवडे बसू द्या, जिथे एकच पार्ट चाळीस वेळा मोजायचा असतो, फाइल मारायची असते, ग्रीसने नखं काळी होतात आणि संध्याकाळी ड्रॉइंगमधली एक चूक सापडली म्हणून सगळं परत करायचं असतं. त्यानंतरही ती दुसऱ्या दिवशी लवकर उठून गेली तर तुमचं उत्तर मिळालं. आणि तोवर एक करा, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर "आमची मुलगी फार धाडसी आहे" असं म्हणू नका. प्रेमानेच म्हणता, पण तिला त्यातून कळतं की ती काहीतरी जगावेगळं करतेय, आणि सोळाव्या वर्षी जगावेगळं असण्याचं ओझं वाटू शकतं. तिने काय दुरुस्त केलं ते सांगा, तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न : मी कंप्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या बॅचमध्ये मुली अगदी मोजक्या. पहिल्याच आठवड्यात कळलं की बाकीची मुलं शाळेपासून कोडिंग करतायत, लॅबमध्ये ते एकमेकांशी जे बोलतात ते मला अर्धं कळत नाही. मार्क ठीक आहेत पण रोज वाटतं मी चुकून इथे आलेय. सोडून दुसरं काही घ्यावं का?

उत्तर : अगं, मार्क ठीक आहेत असं तू स्वतःच लिहिलंयस, मग चुकून कशी आलीस? तुला जे दिसतंय ते खरं आहे, ते तुझ्या पुढे आहेत, पण ते चार वर्षं आधी सुरू झाले म्हणून पुढे आहेत, जास्त हुशार आहेत म्हणून नाही. हे दोन वेगवेगळे प्रकार आहेत आणि वर्गात बसलेल्या माणसाला ते वेगळे दिसत नाहीत, म्हणून हा सगळा घोळ होतो.

तुला या फील्डचा थोडा इतिहास सांगते. १९४५-४६ मध्ये अमेरिकेत एनियाक नावाचा खोलीभर कंप्युटर तयार झाला, त्याच्यासाठी प्रोग्रॅमिंग करणाऱ्या पहिल्या सहाही जणी बायका होत्या. पुढे अमेरिकेत कंप्युटर सायन्सच्या पदव्यांमध्ये मुलींचं प्रमाण वाढत वाढत १९८४ च्या सुमाराला ३७ टक्क्यांपर्यंत गेलं. आणि मग घसरायला लागलं, ते २०१० च्या आसपास १८ टक्क्यांवर आलं. असं का झालं यावर एक मोठं कारण लोक सांगतात ते मला पटतं. त्याच काळात घराघरात कंप्युटर आले, जाहिराती मुलांना डोळ्यासमोर ठेवून होत्या, कंप्युटर मुलाच्या खोलीत ठेवला गेला, आणि मग कॉलेजला येणारी मुलं आधीच शिकून यायला लागली. प्राध्यापकांनीही पहिला लेक्चर त्यांच्याच लेव्हलला सुरू केला. मुलींची डोकी १९८४ नंतर अचानक बदलली नव्हती, फक्त सुरुवातीची रेघ पुढे सरकली.

याचा पुरावा म्हणजे ज्या कॉलेजांनी ती रेघ मागे घेतली तिथे मुली परत आल्या. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत १९९५ मध्ये कंप्युटर सायन्सला येणाऱ्यांत फक्त ७ टक्के मुली होत्या, जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर यांनी विद्यार्थिनींशी बसून बसून बोलून नेमकं काय खुपतंय ते शोधलं, प्रवेशाची पद्धत आणि सुरुवातीचे कोर्स बदलले, आणि २००० मध्ये तेच प्रमाण ४२ टक्के झालं. पाच वर्षांत. कॅलिफोर्नियाच्या हार्वी मड कॉलेजमध्ये पहिल्या कोर्सचे गटच वेगळे केले, आधी कोडिंग केलेल्यांचा वेगळा आणि न केलेल्यांचा वेगळा, म्हणजे वर्गात येऊन कुणी "हे तर सोप्पं आहे सर" म्हणायला जागाच उरली नाही. तिथे १० टक्क्यांच्या आसपास असलेल्या मुली काही वर्षांत ४० टक्क्यांवर गेल्या. मला वाटतं तुझ्या लॅबमध्ये जर असा वेगळा गट असता तर तू मला हे पत्र लिहिलंच नसतंस.

तुझं कॉलेज उद्या बदलणार नाही हे कळतंय मला. तू दोन गोष्टी कर. एक, तुझ्यासारखीच नव्याने शिकणारी आणखी एक मुलगी किंवा मुलगा शोध, एक पुरतो, आणि दोघं मिळून असाइनमेंट करा, म्हणजे "मलाच येत नाही" हे डोक्यातून जातं. दोन, तुझ्यापेक्षा दोन वर्षं पुढच्या एखाद्या मुलीला गाठ. निलांजना दासगुप्ता आणि तारा डेनेही यांनी २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलींना सिनिअर मुलगी मेंटर म्हणून दिली, त्या मुली टिकल्या. गंमत म्हणजे मार्कांत फरक पडला नव्हता, फरक पडला तो "मी इथली आहे" या वाटण्यात, आणि टिकवलं त्या वाटण्याने. एवढं करून सहा महिन्यांनी जर विषयच आवडला नाही तर खुशाल सोड, त्यात काही कमीपणा नाही. पण विषय आवडतोय आणि फक्त खोली परकी वाटतेय म्हणून सोडू नकोस.

प्रश्न : मी एका इंजिनिअरिंग कंपनीत भरतीचं काम बघतो. आम्ही जाहिरातीत कुठेही "फक्त पुरुष" लिहीत नाही, तरी शॉप फ्लोअरसाठी, म्हणजे जिथे प्रत्यक्ष मशीनवर काम चालतं तिथे, मुलींचे अर्ज येतच नाहीत. ज्या थोड्या घेतल्या त्या पाच-सहा वर्षांत संसारासाठी सोडून गेल्या. मग आवड निसर्गतःच वेगळी असते असं मानायला काय हरकत आहे? मी कुणाला दुखवायला विचारत नाहीये.

उत्तर : साहेब, दुखवायला विचारत नाही हे पत्राच्या सुरावरून कळतं, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

निसर्गाचंच सगळं असतं तर तो सगळीकडे सारखाच दिसायला हवा होता. मलेशियात कंप्युटर सायन्स शिकणाऱ्यांत मुली निम्म्याच्या आसपास असतात, काही ठिकाणी जास्तच, तिथे ते बैठं, सुरक्षित, चांगलं काम समजतात. अमेरिकेत मेडिकलला १९७० च्या सुमाराला दहातली साधारण एक मुलगी असायची, १९७२ मध्ये शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा आला, कॉलेजांची दारं उघडली, आणि २०१९ मध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांत मुली अर्ध्याहून जास्त झाल्या. पन्नास वर्षांत निसर्ग एवढा बदलत नाही हो.

पण तुमच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. गणितात चांगल्या असलेल्या मुली बऱ्याचदा भाषेत त्याहून चांगल्या असतात. थोमा ब्रेदा आणि क्लोतिल्द नाप यांनी २०१९ मध्ये बऱ्याच देशांतल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी बघून दाखवलं की गणिताकडे जाण्याच्या इच्छेत मुलामुलींमध्ये जो फरक दिसतो त्याचा फार मोठा भाग यातून समजतो. म्हणजे मुलगी "मला गणित जमत नाही" म्हणून जात नाही असं नसतं, तिला दोन्ही जमतं आणि मग ती जिथे जास्त चांगली आहे आणि जिथे तिचं स्वागत होतं तिथे जाते. ज्याच्या हातात चार पर्याय आहेत त्याला तुम्ही तुमचा पर्याय चांगला करून दाखवायला लागतो. आणि ते तुमच्या हातात आहे, निसर्गाच्या नाही.

तुमची जाहिरात काढून बघा. "फक्त पुरुष" नसेल लिहिलेलं, पण "आक्रमक", "दणकट", "स्पर्धेत उतरणारा", "दबावात राज्य करणारा" असले शब्द आहेत का? डॅनिएल गॉशर, जस्टिन फ्रिसन आणि आरन के यांनी २०११ मध्ये दाखवलं की असे शब्द भरलेली जाहिरात वाचून बायकांना ते काम कमी आवडतं, आपल्याला जमणार नाही असं नाही, आपण तिथले नाही असं वाटतं. सप्ना चेरियन यांचा एक प्रयोग आहे, कंप्युटर विभागाची एक खोली अंतराळ सिनेमांची पोस्टर्स आणि व्हिडिओ गेम ठेवून सजवली, दुसरीत निसर्गाची चित्रं आणि साध्या वस्तू ठेवल्या. दुसऱ्या खोलीत बसलेल्या मुलींना कंप्युटर सायन्समध्ये जास्त रस वाटला. खोलीत ना मुलगा होता ना मास्तर, नुसत्या वस्तू होत्या! तुमचा शॉप फ्लोअर तिथे पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलीला काय सांगतो हे एकदा फिरून बघा.

मला काय सांगितलं ते लिहिते. माझ्या पहिल्या नोकरीत, नाव घेत नाही, सेफ्टी शूज सगळ्यात लहान आले ते मला दोन नंबर मोठे होते, मी दोन दोन मोजे घालून वर्षभर शिडी चढले. हातमोजे असे की बोटाच्या पुढे रिकामं टोक लोंबायचं, त्या टोकात नट अडकायचा, मग मी हातमोजा काढून काम करायचे आणि सुपरवायझर ओरडायचा की सेफ्टी पाळत नाही. बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये, जायला-यायला पंधरा मिनिटं, म्हणून मी शिफ्टमध्ये पाणीच कमी प्यायचे, दोनदा त्याने आजारी पडले. एकाही माणसाने मला "तू इथे नकोस" म्हटलं नव्हतं. सगळे चांगले होते. पण बूट, हातमोजे आणि टॉयलेट रोज म्हणत होते.

आणि हे लहान कारखान्यातच होतं असं नाही. मार्च २०१९ मध्ये नासाचा पहिला फक्त बायकांचा स्पेसवॉक, म्हणजे अंतराळात यानाबाहेर पडून काम करणं, ठरला होता, तो रद्द करून एका पुरुषाला पाठवावं लागलं, कारण दोघींना मध्यम मापाचा स्पेससूट हवा होता आणि वापरायला तयार एकच होता. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर दोघी बाहेर पडल्या. जिथे एकेक स्क्रू मोजला जातो तिथेही माप कुणाला डोळ्यासमोर ठेवून काढलंय हे महत्त्वाचं ठरतं.

आता सोडून जाण्याचं. नाद्या फुआद यांनी इंजिनिअरिंग शिकलेल्या हजारो अमेरिकन बायकांना विचारलं, त्यात सोडून गेलेल्या बऱ्याच जणी घरी बसलेल्याच नव्हत्या, दुसरीकडे नोकरी करत होत्या, आणि सोडण्याच्या कारणांत पुढे जायला वाव नाही, वरिष्ठांचा आधार नाही, वातावरण नको वाटतं ही कारणं मोठी होती. मुलं सांभाळणं हेही कारण होतं, नाही असं नाही. पण तुमच्याकडून गेलेल्या त्या मुलींनी राजीनाम्यात "कौटुंबिक कारण" लिहिलं असेल ना? मीही एकदा तेच लिहिलंय. ते कारण लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही, म्हणून लिहितात. त्यातल्या दोघींना आता फोन करा, नोकरी द्यायला म्हणून नको, नुसतं खरं काय झालं ते विचारायला. आणि एक सांगा, मुलाखतीत लग्नाचं, मुलांचं तुम्ही फक्त मुलींनाच विचारता का?

प्रश्न : रोल मॉडेल दाखवल्याने खरंच फरक पडतो का? आमच्या शाळेत दरवर्षी एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंचं भाषण असतं. मुली टाळ्या वाजवतात आणि पुढे काहीच होत नाही.

उत्तर : पडतो, पण माणूस जवळचा हवा. अमेरिकेत कॅथरीन पोर्टर आणि डॅनिला सेरा यांनी एका युनिव्हर्सिटीत साधी गोष्ट केली, अर्थशास्त्राच्या पहिल्या कोर्समध्ये त्याच कॉलेजातून अर्थशास्त्र शिकून गेलेल्या दोन मुलींना पंधरा-वीस मिनिटं बोलायला बोलावलं, माझं काम काय, मी इथपर्यंत कशी आले एवढंच. वर्गातल्या मुलींमध्ये पुढे अर्थशास्त्र घेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. त्या बोलणाऱ्या मुली नोबेल मिळवलेल्या नव्हत्या, काही वर्षांपूर्वी त्याच बाकांवर बसलेल्या होत्या. फार मोठ्या बाईंना बघून मुलीला वाटतं की एवढं असेल तरच इथे जागा आहे.

आणि एका भाषणापेक्षा रोज दिसणं जास्त काम करतं. पश्चिम बंगालमध्ये आरक्षणामुळे काही गावांत सरपंचपद बायकांकडे आलं, काहींत नाही. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांनी २०१२ मध्ये दाखवलं की जिथे दोन वेळा बाई त्या खुर्चीवर बसली तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईवडिलांच्या अपेक्षांतलं अंतर २५ टक्क्यांनी कमी झालं आणि मुलामुलींच्या स्वतःच्या स्वप्नांतलं ३२ टक्क्यांनी. मला यातलं "दोन वेळा" फार महत्त्वाचं वाटतं, पहिल्या वेळी लोक अपवाद म्हणून बघतात. तेव्हा सर, भाषणाचा खर्च वाचवा आणि तुमच्याच शाळेतून गेलेली एखादी टेक्निशियन, सर्व्हेअर, पायलट, जी असेल ती शोधा, तिला महिन्यातून एकदा मुलींबरोबर काहीतरी जोडायला-उघडायला बसवा. मुलगेही बसू देत, त्यांनीही बघायला हवं.

प्रश्न : माझं वय चौतीस. दहा वर्षं ऑफिसमध्ये डेटा एंट्री करतेय, पगार वाढत नाही, पाठ दुखते. मला इलेक्ट्रिशियनचं काम शिकायचंय, कोर्सची चौकशीही केलीये. मला लहानपणापासून आवड वगैरे काही नव्हती, खरं सांगायचं तर त्यात पैसे बरे मिळतात म्हणून. हे कारण चुकीचं आहे का? आणि उशीर झालाय का?

उत्तर : बाई, पुरुषाला कधी कुणी विचारतं का की तू पैशासाठी इलेक्ट्रिशियन झालास का? पगार हे काम निवडण्याचं अगदी सरळ, स्वच्छ कारण आहे. आपण मुलींच्या निवडीमागे नेहमी काहीतरी भारलेलं कारण शोधतो, लहानपणीचं स्वप्न, कुणाची प्रेरणा, आणि मग ज्यांच्याकडे तसली गोष्ट नाही त्यांना वाटतं आपण खऱ्या नाही. हाताच्या कामात उशिरा, दुसऱ्या नोकरीला कंटाळून आलेल्या बायका मी खूप बघितल्यात, त्या टिकतातही चांगल्या कारण काय सोडून आलोय हे त्यांना पक्कं माहीत असतं. शिवाय बरेचदा ज्या कामात जास्त बायका आहेत तिथे पगार कमी असतो आणि ज्या कामात पुरुष आहेत तिथे जास्त, हे बघून कुणी बाजू बदलली तर तो शहाणपणा आहे.

चौतीस म्हणजे पुढे पंचवीस वर्षं काम आहे. उशीर नाही.

फक्त दोन गोष्टींची तयारी ठेवा. तुम्ही बहुतेक त्या गटात एकट्या असाल, आणि एकटी असलं की काय होतं हे रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलंय, तुमच्यावर सगळ्यांची नजर असते, तुमची एक चूक सगळ्या बायकांची चूक होते, आणि बाकीचे तुमच्यासमोर आपलं पुरुषपण जरा जास्तच दाखवतात. हे तुमच्यामुळे होत नाहीये, आकड्यामुळे होतंय, दुसरी-तिसरी आली की पुष्कळ कमी होतं. मला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी रात्री रडत स्वतःत खोट शोधत बसले नसते. दुसरं, मदत करायला येणारे लोक. ते चांगल्या मनाने येतात, म्हणतात "द्या ताई, मी करतो", आणि तुमच्या हातातलं काम घेतात, आणि अशाने तुम्ही वर्षभर शिकतच नाही. पहिल्याच आठवड्यात हसून सांगायचं, तुम्ही बघा, करते मीच. दोन-तीनदा सांगावं लागतं, मग ते विचारायचं थांबतात आणि शिकवायला लागतात.

कोर्सला नाव घालायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या, प्रॅक्टिकलला प्रत्येकाला वेगळं बोर्ड मिळतं का की गटाला एक, कारण गटाला एक असेल तर तुमच्या हातात फक्त वही येणार. कोर्सनंतर शिकाऊ म्हणून कुठे पाठवतात. आणि आधीच्या बॅचमधल्या एखाद्या बाईचा नंबर मिळेल का. आणि पहिल्या दिवशी जाताना तुमच्या हाताच्या मापाचे इन्सुलेटेड हातमोजे स्वतःचे घेऊन जा. तिथे असतात ते मोठे असतात, आणि इलेक्ट्रिकच्या कामात सैल हातमोजा चालत नाही.